आवाज कापला नाही

थोरलीला कामावर सगळे ‘फ्रीज’ म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे, कुणी नवीन माणूस रुजू झालं की ती स्वतःच सांगून टाकायची, "मला फ्रीज म्हणतात, पण उघडून बघू नका, आत खायला काही नाही." रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन उचलायचं तिचं काम होतं. पलीकडे कुणाचा बाप कोसळलेला असायचा, कुणाचं मूल घशात गोटी अडकून निळं पडलेलं असायचं, आणि फोन करणारा माणूस पत्ता सांगायचा सोडून नुसता टाहो फोडत असायचा. अशा वेळी थोरली म्हणायची, "मी इथेच आहे. फोन ठेवू नका. आता मी सांगते तसं करा." एवढंच. आवाज ना वर, ना खाली. त्या आवाजाला धरून माणसं उठायची, दार उघडून ठेवायची, आपल्या माणसाच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागायची.

हा आवाज ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. तो मास्तरांनी घडवला होता. मास्तर म्हणजे कंट्रोल रूमचे प्रमुख. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण कुणाची चूक झाली की हातात खडू असल्यासारखी बोटं हवेत फिरवायचे, म्हणून मास्तर. त्यांचे नियम दोनच. एक, तुमचा आवाज कापला की समोरच्याचा हात कापतो, तेव्हा कापायचं असेल तर घरी जाऊन कापा. आणि दुसरा, फोन आपण आधी ठेवायचा नाही. फार पूर्वी पलीकडून नुसता श्वास ऐकू येतोय म्हणून कुणीतरी वैतागून फोन ठेवला होता, आणि पलीकडच्या बाईला बोलताच येत नव्हतं, एवढंच त्याचं कारण होतं. ती गेली. तेव्हापासून गाडी दारात पोचेपर्यंत, नाहीतर समोरचा ठेवेपर्यंत, फोन धरून बसायचं असा शिरस्ता पडला.

घरी दोघी बहिणीच. आईवडील मागेच गेले होते. घरात कामांची वाटणी झालेली होती आणि तीत घाबरायचं खातं धाकटीकडे होतं. झुरळ दिसलं की ती अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन चौकशी करून जायचे. मग थोरली चप्पल घेऊन यायची, झुरळाचा निकाल लावायची, आणि चहा टाकायची.

चष्मेवाला त्यांच्या आयुष्यात आला तो एका फोनवरून. भर दुपारी त्याची आई स्वयंपाकघरात कोसळली होती. चष्म्यांचं दुकान चालवणारा, हळू बोलणारा, नीटनेटका माणूस. फोनवर मात्र लहान मुलासारखा रडत होता. थोरलीनं त्याला गाडी येईपर्यंत धरून ठेवलं. आई काही वाचली नाही. थोरलीला असे फोन रोजचेच होते. त्याच्या आयुष्यात तो एकच होता, आणि सगळी गोची तिथे झाली.

आधी तो आभार मानायला आला. सगळ्यांना बरं वाटलं, कारण कंट्रोल रूममध्ये आभार मानायला कोण येतं? मास्तरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि कौतुकानं थोरलीला हाताला धरून पुढे आणलं. "हीच ती. आमची फ्रीज." तोवर तिचा चेहरा त्याला माहीत नव्हता.

मग फोन सुरू झाले. छातीत दुखतंय. चक्कर येतेय. हात बधिर झालाय. दुसऱ्या कुणी उचलला की गप्प, थोरलीनं उचलला की बोलायचा. गाडी धावत जायची, तर हा दारात इस्त्रीच्या कपड्यांत उभा, "आता बरं वाटतंय," म्हणायला. खोटं आहे हे सगळ्यांना कळत होतं. पण छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला ‘खोटं बोलतोस’ म्हणायची सोय त्या खोलीत नव्हती. न जाणो, एखाद्या दिवशी खरंच दुखलं तर? आणि फोन तर आपण ठेवायचा नाही. तेव्हा तो बोलत राहायचा आणि ती ऐकत राहायची.

मग तो बसस्टॉपवर दिसू लागला. मग बसमध्ये, तिच्या मागच्याच सीटवर. मग समोरच्या इमारतीत त्यानं खोली घेतली, थेट यांच्या खिडकीपुढची, आणि खिडकीत खुर्ची टाकून बसायला लागला. कधी शिवी नाही, कधी अंगाला हात नाही. समोर आला की मान तुकवायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, इतका सज्जन माणूस, तुमचाच काहीतरी गैरसमज होत असेल. लोकांचं असं असतं, पांढरा शर्ट आणि खालची मान दिसली की पुढचं बघायचे कष्ट ते घेत नाहीत. एकदा फोनवर तो तिला म्हणाला, "आई गेली तेव्हा तू माझ्यासोबत होतीस. मी जाईन तेव्हा तुला घेऊनच जाईन." हे अगदी प्रेमानं म्हणाला. थोरलीनं त्याला पत्ता विचारला, त्रास कधीपासून होतोय ते विचारलं, गाडी पाठवली, ती दारात पोचेपर्यंत फोन धरला. मग हेडफोन काढून बाथरूममध्ये गेली, नळ सोडला, आणि खाली फरशीवर बसून स्वतःचे गुडघे घट्ट धरून राहिली. तोंड धुऊन परत आली तेव्हा शेजारच्या टेबलावरचीनं विचारलं, "चहा?" थोरली म्हणाली, "अर्धा."

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मास्तरांनी तिला लाइनवरून काढून मागच्या खोलीत चादरी आणि बँडेज मोजायला बसवलं असतं, शिक्षा म्हणून नव्हे, काळजीपोटीच. पण ते काम म्हणजे तिचा जीव होता. त्या माणसापायी लोकांना वाचवायचं काम सोडून आपण चादरी मोजत बसायचं, हे तिला पटत नव्हतं. आणि धाकटीला सांगायची तर सोयच नव्हती. ती आधीच खिडकीचे पडदे दिवसासुद्धा ओढून बसायची. दोघींनी घाबरायचं म्हटलं तर चहा कोण टाकणार? तेव्हा थोरली बूट घालूनच झोपायला लागली आणि धाकटीला सांगितलं की पायाला गारवा लागतो. केस मुठीमुठीनं गळायला लागले, तर म्हणाली, साबण बदलला.

एका संध्याकाळी दोघी घरी आल्या, तर कुलूप जसंच्या तसं. आत काही हललेलं नव्हतं. फक्त टेबलावर धाकटीचा जुना चष्मा होता. काडी तुटली म्हणून तो कधीचा ड्रॉवरच्या तळाशी पडला होता. आता त्याला नवी काडी होती, काचा पुसून लख्ख केलेल्या होत्या, खाली मऊ फडकं अंथरलेलं होतं. धाकटीनं तो सवयीनं उचलून डोळ्यांना लावला. "अगं, नीट दिसतंय," असं म्हणाली, आणि मग तिला कळलं.

धाकटीची किंकाळी अख्ख्या इमारतीनं ऐकली. थोरलीच्या पायाखालची जमीन सरकली होती, पण तिचा हात फोनकडे गेला आणि फोन हातात आला की तिचं नेहमी जे व्हायचं तेच झालं. तिनं पोलिसांना पत्ता सांगितला, मजला सांगितला, आम्ही दोघी आहोत, कुणी जखमी नाही, घरात आता कुणी नाही, दार मी आतून लावलंय, असं सगळं ओळीनं सांगितलं. मध्येच धाकटीला म्हणाली, "ओरडू नको, त्यांचं मला ऐकू येत नाहीये." पोलीस आले. त्याला समज दिली आणि सोडलं. आठवडा उलटायच्या आत तो पुन्हा चोरून बनवलेल्या किल्लीनं यांचं दार उघडत होता, तेव्हा जिन्यातल्या माणसांनीच धरून ठेवला. किल्लीचा ठसा त्यानं बसमध्ये थोरलीच्या पर्समधून काढला होता. पोलिसांना त्यानं विचारलं, "चष्मा बसला ना नीट?"

त्याला कोठडीत ठेवलं आणि खटला उभा राहीपर्यंत जामीन मिळाला नाही. तेवढे महिने थोरली बूट काढून झोपली.

सरकारी वकीलबाई दमलेल्या होत्या, पण मनानं चांगल्या. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग आणि त्यावर बिस्किटाचा पुडा. त्यांनी दोघी बहिणींना समजावून सांगितलं. "पाठलागाच्या गुन्ह्याला कायद्यात दोन पायऱ्या आहेत. खालची पायरी म्हणजे त्रास देणं. त्यानं मागे मागे फिरून त्रास दिला, हे तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण तिची शिक्षा काही महिन्यांची, आणि तेवढे महिने त्यानं आतच काढलेत. म्हणजे निकाल लागला की तो त्याच दाराने बाहेर. वरची पायरी गंभीर गुन्ह्याची. तिथे वर्षांची शिक्षा आहे. पण तिथे आपल्याला दाखवावं लागतं की तुम्हाला जिवाची भीती वाटत होती, किंवा तुमचं रोजचं जगणं विस्कटलं होतं."

"म्हणजे त्यानं काय केलं ते नाही, मला काय झालं ते?" थोरलीनं विचारलं.

"दोन्ही. पण घोडं अडतं ते दुसऱ्यावर."

"मी सांगते ना," धाकटी म्हणाली. "माझं सगळं विस्कटलंय. मी नोकरी सोडली. मला खिडकीत उभं राहवत नाही."

"तो तुमच्या मागे नव्हता," वकीलबाई म्हणाल्या. "तुमची भीती कायद्याला चालत नाही. ताईंचीच लागते." मग त्या थोरलीकडे वळल्या आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "कोर्टात रडू आलं तर आवरू नका."

"आलं तर नाही आवरणार," थोरली म्हणाली.

आलं नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात ती उभी राहिली, समोर तो बसलेला, नव्या कापलेल्या केसांचा, मान खाली. तिनं सगळं सांगितलं. बाथरूमचा नळ, बूट, केस. शेवटी म्हणाली, "मला भीती वाटत होती. अजून वाटते." हे तिनं ज्या सुरात सांगितलं त्या सुरात माणसं दवाखान्याची वेळ सांगतात. कारकुनानं मानही वर न करता ते टिपून घेतलं. थोरलीला स्वतःचंच बोलणं कानावर पडत होतं आणि ती आतून ओरडत होती, अगं काप, एकदा तरी काप. काही उपयोग झाला नाही.

आरोपीचा वकील गोड बोलणारा होता. त्यानं तिला काहीही टोचून विचारलं नाही. फक्त त्या संध्याकाळचा पोलिसांना केलेला फोन कोर्टात लावायची परवानगी मागितली. भरल्या कोर्टात थोरलीचा आवाज घुमला. पत्ता, मजला, कुणी जखमी नाही. मागे धाकटीचं किंचाळणं, आणि मग, "ओरडू नको, त्यांचं मला ऐकू येत नाहीये." कुणीतरी हसलं. वकील म्हणाला, "पार्श्वभूमीला घाबरलेली व्यक्ती कोण आहे, हे आपण सर्वांनीच ऐकलं." घरात शिरल्याबद्दल बोलायचं तर त्याच्या अशिलानं नेलं काहीच नाही, उलट दुरुस्ती करून ठेवली, असंही तो म्हणाला. तेव्हाही लोक हसले. ‘तुला घेऊनच जाईन’ याचा अर्थ शेवटच्या क्षणी फोनवर तुझा आवाज असेल, एवढाच होता. आई गमावलेल्या माणसाचं ते बोलणं होतं, असं त्यानं मऊ आवाजात समजावलं. लोक यावर हसले नाहीत. काही जणांनी तर मान डोलावली.

आणि मग मास्तरांची साक्ष झाली.

मास्तरांना बोलावलं होतं ते खोटे फोन किती आणि कसे आले, हे सांगायला. ते त्यांनी चोख सांगितलं. नवा कोट घालून आले होते. मग आरोपीचा वकील उठला आणि अगदी सहज, घरी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "या तुमच्याकडे कामाला कशा आहेत हो?"

कुणीही शहाणा माणूस तिथे दोन शब्दांत गप्प बसला असता. पण मास्तरांच्या आयुष्याची सगळी कमाई म्हणजे थोरलीचा तो आवाज होता, आणि आज भर कोर्टात कुणीतरी त्याची विचारपूस करत होतं. त्यांचा ऊर भरून आला. "साहेब, अशी मुलगी मी जन्मात बघितली नाही. या सगळ्या काळात एक दिवस रजा नाही. याचा फोन आला की आमचे बाकीचे लोक थरथरायचे, पण हिचा आवाज? एकदाही हलला नाही. इतर पेशंटशी बोलते तसंच याच्याशी बोलली. आम्ही तर हिला फ्रीज म्हणतो!"

सरकारी वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांना ते दिसलं नाही. त्यांची बोटं हवेत फिरत होती, आणि एकेक वाक्यानं ते त्या माणसाच्या दाराचं एकेक कुलूप काढत होते.

"म्हणजे कामावर काहीच परिणाम झाला नाही?" वकिलानं विचारलं.

"परिणाम? साहेब, उलट त्या वर्षी सगळ्यांत चांगलं काम हिचंच!"

पिंजऱ्यातून उतरताना त्यांनी थोरलीकडे पाहिलं. पोरगं गाणं म्हणून झाल्यावर आईकडे बघतं तसं. थोरलीला सगळं कळलं होतं, घात झालाय हे कळलं होतं. पण म्हाताऱ्याचा तो चेहरा बघून तिला राहवलं नाही आणि ती त्यांच्याकडे बघून हसली. न्यायाधीशांनी ते हसणंही पाहिलं.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. असते तर बरं झालं असतं, निदान शिव्या देता आल्या असत्या. सर्दीनं बेजार झालेले, गरम पाण्याचा घोट घेत घेत ते निकाल वाचत होते. आरोपीचं वागणं निंद्य आहे, म्हणाले. या बाईंना मनस्ताप झाला याबद्दल न्यायालयाला शंका नाही, म्हणाले. परंतु. तो ‘परंतु’ आला आणि धाकटीनं थोरलीचा हात धरला. परंतु गंभीर गुन्हा सिद्ध व्हायचा तर भीती आणि जगण्यावरचा परिणाम निःसंशय सिद्ध व्हायला हवा, आणि त्यांच्या वरिष्ठांची साक्ष, पोलिसांना केलेला फोन आणि साक्षीच्या वेळचं त्यांचं एकूण वागणं पाहता, आरोपीची त्यांना गंभीर भीती वाटत होती असं निःसंशय म्हणता येत नाही. संशयाचा फायदा आरोपीला. खालच्या गुन्ह्यात आणि घरात शिरल्याबद्दल दोषी. शिक्षा भोगून झालेली आहे.

यापुढे त्यानं तिच्या घराजवळ, कामाच्या जागेजवळ फिरकू नये, तिच्याशी कोणत्याही मार्गानं संपर्क साधू नये, असा मनाईहुकूमही त्यांनी दिला. तेवढ्यात गोड वकील उठला. "एकच विनंती. माझे अशील एकटे राहतात. खरंच काही झालं तर रुग्णवाहिकेला फोन करायची मुभा असावी." न्यायाधीशांनी क्षणभर विचार केला. आजारपणात मदत मागायचा हक्क कुणाचाच काढून घेता येत नाही. तेवढा अपवाद त्यांनी हुकुमात घातला. सरकारी वकीलबाईंनी हरकत घेतली, ती नोंदली गेली.

चष्मेवाला हे सगळं मान वर करून ऐकत होता. खटल्यात पहिल्यांदाच त्यानं मान वर केली होती. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. मनातली गोष्ट कुणीतरी मोठ्या माणसानं बोलून दाखवावी तसा तो दिसत होता. थोरलीनं ते पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "वर दाद मागू. पण खोटी आशा नाही लावत. पुन्हा काही झालं तर लगेच कळवा. पुढच्या वेळी आपली बाजू भक्कम असेल."

"पुढच्या वेळी म्हणजे काय झालेलं असायला हवं?" थोरलीनं विचारलं.

वकीलबाईंनी पिशवी उघडली. चष्म्याचं पाकीट तेवढं धाकटीच्या हातात ठेवलं. पुरावा म्हणून ठेवलेला तो चष्मा आता परत मिळाला होता. धाकटीनं तो कोर्टाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि जिना उतरताना तिला पायऱ्या नीट दिसेनात, कारण तिला रडू फुटलं होतं.

मास्तरांना कुणीतरी समजावून सांगितलं असावं. ते संध्याकाळी घरी आले, दारातच उभे राहिले. नवा कोट अंगावर तसाच होता. "पोरी, मी काय करून बसलो गं," एवढंच त्यांना बोलता आलं आणि ते हुंदके द्यायला लागले. आता बघा, ज्या बाईचं वाटोळं झालं होतं तिनंच त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "मास्तर, शांत व्हा. मी इथेच आहे." त्यांनी घडवलेला आवाज त्यांच्याच उपयोगी पडला. जाताना ते म्हणाले, "तुला मागच्या खोलीत हलवतो. वरून मंजुरी आली की लगेच. तोवर सांभाळ." ती हो म्हणाली. चादरी तर चादरी. लढायची रग आता तिच्यात उरलेली नव्हती.

ते गेल्यावर धाकटी उठली. तिचे डोळे सुजले होते. "ताई, ऊठ. मी तुला ओरडायला शिकवते."

"वेडी आहेस का?"

"ऊठ म्हणते ना. आयुष्यभर तू मला गप्प केलंस, आता माझं ऐक. उशी घे. पोटातून ओरडायचं, घशातून नाही. झुरळ समज."

थोरलीनं उशी घेतली. तोंड उघडलं. आतून जे आलं ते "आ" होतं. दाताच्या डॉक्टरपुढे करतात तसलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना असं हसू लोटलं की धाकटी पलंगावर आडवी झाली. "अगं, डॉक्टर औषध लिहून देईल एवढ्यावर!" ती म्हणाली. दोघी हसत होत्या. मग धाकटीचं हसणं कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही, आणि थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. रडायचं कुठून सुरू करतात हेच ती विसरली होती. आपल्याला भीती वाटते हे जगात आपल्या एकटीलाच माहीत आहे, आणि आता तर कोर्टानं शिक्का मारून सांगितलंय की ती नाहीच. मग ती आहे कुठे? तिनं बूट घातले आणि दिवा मालवला.

पुढचे काही दिवस समोरच्या खिडकीत खुर्ची दिसली नाही. हुकुमाप्रमाणे त्यानं खोली सोडली होती. तो कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं, आणि हे जास्त वाईट होतं. आधी निदान पडदा बाजूला करून तो कुठे आहे ते बघता येत होतं.

मंजुरी यायची होती. थोरली लाइनवर होती. सकाळची गर्दी ओसरली होती, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, शेजारचीनं तिच्यासाठी अर्धा चहा ठेवला होता. फोन वाजला. तिनं हेडफोन नीट केला आणि उचलला.

"रुग्णवाहिका सेवा. काय झालंय?"

पलीकडे श्वास. मग तो हळू आवाज. "छातीत दुखतंय."

तिनं ओळखलं. ओळखायला एक शब्दही लागला नसता. समोर काचेच्या केबिनमध्ये मास्तर कुणाशी तरी बोलत होते, त्यांची बोटं हवेत फिरत होती.

"पत्ता सांगा," ती म्हणाली.

"सांगतो. आधी तुझ्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "मला फार बरं वाटलं त्या दिवशी. मी वकिलाला आधीपासून सांगत होतो, तिला माझी भीती नाही वाटत. तो म्हणायचा, असं सिद्ध करावं लागतं. बघ, झालं ना सिद्ध? न्यायाधीशांनीच सांगितलं. आता तर कुणाला काही म्हणायची सोयच नाही."

थोरलीची नजर खाली गेली. टेबलावर लाल दिवा जळत होता; प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा, त्याचा तो दिवा. आणि तिला एकदम कळलं, हीच ती पुढची वेळ. आता बोलायचं. आता आवाज कापला की झालं. कोर्टात हाच फोन लावतील, भरल्या कोर्टात घुमेल, कुणी हसणार नाही. धाकटीनं सांगितलं होतं, पोटातून. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. कपातला चहा हलताना तिला दिसत होता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. तिनं छाती भरून श्वास घेतला, सगळा जीव घशाशी आणला, आणि तोंड उघडलं.

"मला तुमची भीती वाटते," ती म्हणाली.

स्वच्छ, स्थिर, एकेक अक्षर वेगळं. पत्ता लिहून घ्यावा इतकं नीट.

पलीकडे त्यानं समाधानाचा सुस्कारा सोडला.

"हाच," तो म्हणाला. "हाच आवाज. पुन्हा एकदा म्हण."

थोरली लाल दिव्याकडे बघत बसली. शेजारची आपल्या फोनवर कुणाला तरी छाती कशी दाबायची ते सांगत होती. मास्तर केबिनमधून बाहेर आले, तिच्याकडे बघून त्यांनी मान हलवली, सगळं ठीक ना अशी, आणि तिचा चेहरा शांत दिसला म्हणून पुढे गेले. कानात त्याचा श्वास येत होता. फोन त्यानं ठेवला नाही.